मोटर चालू असताना

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि व्होल्टेजला करंटने गुणलं की वॅट. नववी-दहावीच्या विज्ञानात हे येतं, आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडमध्ये सुरुवातीलाच येतं आणि पोरं ते एका तासात पाठ करतात. माझी सगळी नोकरी धाराशिव जिल्ह्यात हा ट्रेड शिकवण्यात गेली. सुट्टीच्या दिवशी जुने विद्यार्थी कुणाच्या तरी विहिरीवर, बोरवर बोलवायचे आणि मी आनंदाने जायचो, कारण वर्गाबाहेर ही सूत्रं कशी वागतात ते बघायची मला ओढ होती. एक भागाकार, एक गुणाकार, एवढंच गणित. पण ते कुठे उभं राहून आणि कुठल्या क्षणी करायचं, हे मला फळ्याने कमी शिकवलं. कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या शिवारांनी जास्त शिकवलं. त्यातलं थोडं इथे लिहितो.

१. मोटर बंद असताना मोजलेलं व्होल्टेज फारसं काही सांगत नाही. स्टार्टरच्या वरच्या टर्मिनलला मीटर लावला की दोन फेजमध्ये ४०० च्या पुढे आकडा दिसतो आणि मालक म्हणतात, "सर, होल्टेज तर फुल आहे की! मग मोटर का उचलंना?" फुल आहे हे खरंच आहे. वायरीत करंट वाहत नाही तोवर वायरीचा रोध कितीही असला तरी तिच्यात काहीच पडत नाही. कशालाही शून्याने गुणलं की शून्यच. हिरवं बटण दाबून मोटर पाणी टाकायला लागली की तेच व्होल्टेज ३५० वर, कधी त्याच्याही खाली येतं. मालकाला वाटतं मोटरने व्होल्टेज खाल्लं. खाल्लेलं असतं ते मधल्या वायरीने, जोडांनी आणि डीपीने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने. म्हणून बंद असतानाचा एक आकडा, चालू असतानाचा एक आणि सोबत करंट असे तीन आकडे घ्यायचे. दोन व्होल्टेजमधला फरक हाच खरा बोलका आकडा.

तुळजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर हे मला फार स्वच्छ दिसलं. घरात पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड होता आणि पाणी काही केल्या लवकर तापत नव्हतं. दुसरा रॉड आणायचा विचार चालला होता. आम्ही मोजलं. रॉड बंद असताना बोर्डावर २३० व्होल्ट, चालू केल्यावर २१२ व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर ६ अँपिअर. रॉडचा रोध २१२ भागिले ६, म्हणजे ३५ ओहमच्या जरा वर. १५०० वॅटच्या चांगल्या रॉडचा असतो तेवढाच. म्हणजे रॉड निर्दोष. वायरीत पडलेले १८ व्होल्ट भागिले ६, म्हणजे ३ ओहम. खांबापासून घर सुमारे २०० मीटर आणि वायर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची. अशा तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम धरतात. जाऊन-येऊन ४०० मीटरचा हिशेब बरोबर ३ ओहमच्या आसपास येतो. रॉडला मिळत होते २१२ गुणिले ६, म्हणजे १२७२ वॅट, आणि १०८ वॅट शेतातून जाणारी वायर तापवण्यात जात होते. तीन आकड्यांतून रॉडचा रोध, वायरीचा रोध, दोघांची पॉवर आणि वायरीची लांबीसुद्धा निघाली. इतकी वर्षं तेच सूत्र फळ्यावर लिहिलं होतं, तरी त्या दिवशी मला त्याचं नव्याने कौतुक वाटलं.

२. रोध हा वस्तूचा कायमचा गुण नसतो. कार्यशाळेत सिरीज लॅम्पसाठी आम्ही १०० वॅटचे जुने दिवे जपून ठेवायचो. नव्या मुलांना मी सांगायचो, आधी कागदावर रोध काढा. २३० चा वर्ग भागिले १००, उत्तर ५२९ ओहम. मग मल्टिमीटर लावा. मीटर दाखवायचा ४० च्या आसपास. मुलं मीटरची बॅटरी बदलायची, दिवा बदलायची, एकमेकांच्या वहीत डोकावायची. दोन्ही आकडे खरे आहेत. पेटलेल्या दिव्यातली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापलेली असते, आणि तापलेल्या धातूचा रोध थंड धातूच्या कितीतरी पट असतो. दिवे बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच का उडायचे, याचं उत्तरही इथेच आहे: थंड तारेत पहिल्या क्षणी नेहमीच्या दहापटीहून जास्त करंट धावतो. यातून मी एवढं धरून ठेवलं की रोध सांगताना तो कुठल्या अवस्थेतला, हे सांगितल्याशिवाय आकडा पुरा होत नाही.

३. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, हे अर्धंच खरं आहे. आमच्या भागात सगळ्यात जास्त मोटरी या अर्ध्या सत्याने जाळल्या. शेगडी, इस्त्री, रॉड यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. रोध जवळपास तोच राहतो, व्होल्टेज पडलं की करंट पडतो आणि पॉवर तर वर्गाच्या हिशेबाने पडते. २३० चं १८० झालं तर हजार वॅटची शेगडी ६१२ वॅटचीच उरते. चहा उशिरा होतो, शेगडीला काही होत नाही.

मोटरचं गणित वेगळं. बोरच्या तळातून पाणी वर आणायला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. व्होल्टेज कमी मिळालं तरी मोटर जवळपास त्याच वेगाने फिरत राहते आणि कमी पडलेल्या व्होल्टेजची भरपाई जादा करंट ओढून करते. ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर ८ अँपिअरच्या आसपास घेते. ३४० व्होल्टवर तीच पावणेदहाच्या जवळ जाते. आकडा छोटा वाटतो. पण वाइंडिंगमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती जवळजवळ दीडपट होते. मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनवणाऱ्याचा मुलगा, जेम्स जूल, याने १८४०-४१ मध्ये तारेत होणारी उष्णता मोजून हा वर्गाचा नियम मांडला. हरभऱ्याला पाणी चालू असलेल्या रात्री जळालेल्या वाइंडिंगचा तो करपट वास आला, की मला या नियमाचा अर्थ पुस्तकापेक्षा जास्त कळायचा.

आणि आपल्याकडे हे रात्री घडतं. थ्री फेज लाईट पाळीने येते. कित्येक वर्षं काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास असा क्रम चालला. रात्री-अपरात्री थंडीत, साप-विंचवाच्या वाटेने जायला नको म्हणून प्रत्येकाने ऑटो स्विच बसवला. त्यात कुणाचा दोष मी धरत नाही. पण लाईट आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला उठतात. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढलं की व्होल्टेज कोसळतं, कोसळलेल्या व्होल्टेजवर कुणाचीच मोटर वेग घेत नाही आणि तो जादा करंट सेकंदाच्या जागी अर्धा मिनिट वाहत राहतो. ऑटो स्विचमध्ये वेळ लावायची सोय असते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी बसून कुणी अर्ध्या मिनिटाने, कुणी दोन मिनिटांनी अशी वेळ वाटून घेतली की हा त्रास पैसा न खर्चता बराच कमी होतो. हे मी जिथे जिथे सांगितलं तिथे लोकांनी ऐकलं, याचं मला अजूनही समाधान आहे.

४. एक फेज गेल्यावर चालत राहिलेली मोटर ही दया येण्याजोगी गोष्ट आहे. डीपीवरचा एक फ्यूज उडतो, मोटर थांबत नाही, फक्त आवाज बदलतो. तीन तारांचं काम दोन तारांवर आलं की त्यांतला करंट पावणेदोन पटीच्या जवळ जातो आणि त्या वाइंडिंगमधली उष्णता तिपटीच्या घरात. म्हणून चालू मोटरीचा करंट एका तारेत मोजून भागत नाही. क्लॅम्प तिन्ही तारांना लावायचा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर निर्धास्त राहावं. एक आकडा वेगळा पडला की तिथून शोध सुरू करायचा.

५. मोटरच्या वाइंडिंगचा रोध आणि मोटरच्या व्होल्टेज-करंटचा भागाकार यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसू नये. हे पटायला हुशार मुलांनाही वेळ लागायचा. ५ एचपीच्या सबमर्सिबलच्या दोन तारांमध्ये मीटर लावला तर सुमारे ४ ओहम येतात. ४१५ भागिले ४ म्हणजे शंभराहून जास्त अँपिअर. मग चालू मोटर ८ अँपिअरवर कशी भागवते? फिरणारी मोटर स्वतःच आत उलटं व्होल्टेज तयार करत असते, म्हणून. तारेचा रोध करंटला जेवढा अडवतो त्याच्या कितीतरी पट हे उलटं व्होल्टेज अडवतं. बोरमध्ये वाळू येऊन पंप अडकला की फिरणं थांबतं, ही आडकाठी जाते आणि आकडा ४०-५० वर उडी मारतो. त्या वेळी ओव्हरलोड रिले नीट बसवलेला असेल तरच मोटर वाचते. आमच्या भागात रिलेचा स्क्रू शेवटपर्यंत पिळून ठेवायची पद्धत आहे, कारण तो "उगीच सारखा ट्रिप मारतो". तो उगीच ट्रिप मारत नाही. तो करंट मोजत असतो आणि आपल्याला काहीतरी सांगत असतो, एवढं तरी लोकांनी मानावं असं मला मनापासून वाटतं.

वाइंडिंगचा रोध मात्र निरुपयोगी नाही. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा आहे का, हे बघायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. चार, चार आणि तीन आले तर मोटर बोरमधून काढायचा खर्च करायला हरकत नाही.

६. अर्ध्या ओहमला लहान समजू नये. मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते ढिल्या नटांनी. स्टार्टरच्या टर्मिनलखाली लग नीट आवळलेला नसला, तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पीळ देऊन जोडली असली, की त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम सहज होतो. त्यातून ८ अँपिअर गेले तर पडतात ४ व्होल्ट आणि उष्णता होते ३२ वॅट. आमच्या कार्यशाळेतली डागकामाची साधी इस्त्री एवढ्याच वॅटची होती. म्हणजे बंद स्टार्टरच्या डब्यात, प्लास्टिकला टेकून, रात्रभर एक डागकामाची इस्त्री चालू ठेवल्यासारखं झालं. तापल्याने सांधा आणखी काळा पडतो, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. एखाद्या सकाळी डबा उघडला की आत नुसती राख.

हा अर्धा ओहम साध्या मल्टिमीटरला पकडता येत नाही, कारण मीटरच्या तारांचाच रोध जवळपास तेवढा असतो. मग उपाय आपलाच जुना: मोटर चालू ठेवून सांध्याच्या अलीकडे-पलीकडे व्होल्ट मोजायचे आणि करंटने भागायचं. मल्टिमीटरही आत हेच करतो. आपल्या बॅटरीतून थोडा करंट सोडतो, व्होल्ट मोजतो, भागतो आणि ओहम म्हणून दाखवतो. रोध म्हणून कुणीही जे मोजतं ते अखेर व्होल्ट आणि अँपिअरच असतात. फरक एवढाच की मीटर किंचितसा करंट वापरतो आणि चालू मोटर भरघोस, म्हणून सांध्याचा दोष चालू मोटरीतच उघडा पडतो. आमच्याकडच्या कितीतरी स्टार्टरांना नव्या सुट्या भागांची गरज नसते. वर्षातून एकदा लाईट बंद करून, खात्री करून, सगळे नट आवळले तरी पुरतं.

७. ज्याच्या नावाने रोधाच्या भागाकाराचा नियम आहे त्यालाही व्होल्टेजनेच छळलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. गेऑर्ग ओहम हा कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजता-मोजता घसरायचं, त्यामुळे आकडे जुळेनात. तेव्हा त्याने बॅटरी सोडली आणि बिस्मथ व तांब्याच्या पट्ट्यांची जोडी घेतली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळतं पाणी आणि बर्फ दोघंही आपलं तापमान सोडत नाहीत, म्हणून व्होल्टेजही जागचं हलत नाही. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने करंट मोजला आणि १८२७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या देशात त्याचं स्वागत इतकं थंड झालं की त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आमच्या शिवारात व्होल्टेज हलत असताना दोन आकडे एकाच क्षणी का घ्यायचे, हे मी मुलांना ही हकिगत सांगून शिकवायचो. आधी व्होल्टेज लिहून घेतलं, बिडी ओढली आणि मग करंट मोजला, तर त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नसतो. मीटर दोन असावेत, माणसं दोन असावीत आणि दोघांनी एकदमच आकडा बोलावा.

८. नेमप्लेटवरचा एचपी हा जन्मतारखेचा दाखला आहे, आजची तब्येत नव्हे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट, पण हे पंपाच्या दांड्यावर मिळणारे. लाईनवरून घेतलेले जास्त असतात. ४१५ गुणिले ८ गुणिले १.७३२ केलं की पावणेसहा हजारांच्या जवळ येतं. पण मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून त्याला पॉवर फॅक्टरने, समजा ०.८ ने, गुणायचं. येतात ४६०० वॅट. शेगडीला जो गुणाकार सरळ चालतो तो मोटरला तसाच लावला तर हिशेब पाचव्या हिश्शाने चुकतो.

दोन-तीनदा रिवाइंड झालेल्या मोटरीत तारेचा गेज बदललेला असतो, वेढे कमी-जास्त झालेले असतात. पाट्या ५ एचपीच्या, क्लॅम्पवर करंट साडेसात एचपीचा, असं मी गावोगाव पाहिलं. ६३ केव्हीएची डीपी प्रत्येक फेजमधून सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. ८ अँपिअरच्या दहा मोटरी तिच्यावर सुखाने चालतात. त्याच दहा मोटरी ११ अँपिअर घ्यायला लागल्या तर ११० होतात आणि डीपी जळते. मग गावाने वर्गणी करायची, ट्रॅक्टर जुंपायचा, दिवसेंदिवस वाट बघायची आणि उभं पीक डोळ्यांदेखत माना टाकताना बघायचं. ज्याने मोठी मोटर सोडली त्याचीही मोटर बंदच असते. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्य सरकार भरतं आहे, याचा आमच्या शेतकऱ्याला मोठा आधार आहे. पण बिल माफ झालं म्हणून तारेतला करंट माफ होत नाही. डीपी आपली ८४ च धरून बसते. आपला करंट किती, हे शेजाऱ्याला खरं सांगणं मी भावकीतल्या सचोटीइतकंच महत्त्वाचं मानतो.

९. लांबी ही आमच्या जिल्ह्याची जुनी अडचण आहे. वस्त्या मळ्यांत विखुरलेल्या, बोर खोल गेलेले. ३०० मीटर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असली की प्रत्येक तारेचा रोध २.२२ ओहम होतो. ८ अँपिअरला तिन्ही तारांत मिळून सव्वाचारशे वॅट जातात. दर तासाला जवळपास अर्धा युनिट नुसती केबल खाते. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर ही गळती २६५ वॅटवर येते. दुकानात केबलच्या भावातला फरक दिसतो, हा फरक दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात गावं नव्याने वसली. घरं मोकळी, रस्ते रुंद, लोकांच्या मनातली भीती पाहता तसंच व्हायला हवं होतं. पण घरं लांब गेली की तारा लांब जातात. अशा गावांच्या टोकाच्या घरात संध्याकाळी पंखा मंद का फिरतो, हे मुलांना विचारून मी तिथूनच धडा सुरू करायचो.

यावर मोठ्या पातळीवरचा उपाय सूत्रातच दडलेला आहे. तेवढीच पॉवर ४१५ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने नेली तर करंट साडेसव्वीस पट कमी होतो, आणि त्याच तारेतली उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे सातशे पट कमी. २०१८ च्या सुमारास राज्यात कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आली, एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटी डीपी, तिच्यामागे हा एवढाच हिशेब आहे. ज्यांना अशी डीपी मिळाली त्यांच्या बांधावर मी मोजून पाहिलं आहे. बंद आणि चालू व्होल्टेजमधला फरक इतका थोडा असतो की पुन्हा मोजावंसं वाटतं.

१०. अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात वेगळा आणि पावसाळ्यात वेगळा असतो. याबद्दल मी सगळ्यात जास्त कळकळीने लिहितो, कारण इथे प्रश्न मोटरचा राहत नाही. मोटरच्या अंगाला फेज लागला आणि अर्थिंगचा रोध ५ ओहम असला, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर वाहतात, फ्यूज उडतो आणि विषय संपतो. तोच रोध ५० ओहम असला तर वाहतात ४.६ अँपिअर. फ्यूजला ते जाणवतही नाही. हजार वॅटहून जास्त वीज जमिनीत जात राहते आणि मोटरचा पाइप, स्टार्टरचा पत्रा जिवंत राहतो. काळ्या रानात ओल टिकते, तिथे बरं असतं. भूम-परंड्याकडच्या मुरमाड माळावर मार्च-एप्रिलमध्ये जमीन कोरडी ठक्क पडते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग कामातून जातं. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहणं हे जीव वाचवणारं काम आहे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले हजार केलं की अँपिअरचा चौथा हिस्सासुद्धा येत नाही, पण माणूस दगावायला त्याच्याहून कितीतरी कमी पुरतो. म्हणूनच घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटेल असा बनवतात. पाटाचं पाणी धरताना अनवाणी, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हा भागाकार मी करून दाखवला आहे.

११. सौरपंपाने मला पुन्हा विद्यार्थी केलं. २०१९ मध्ये कुसुम योजना आली आणि आमच्या माळांवर निळ्या पाट्या दिसू लागल्या. ३३५ वॅटच्या पाटीच्या मागे लिहिलेलं असतं: मोकळं व्होल्टेज सुमारे ४६, दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्यावरचा करंट ९ च्या वर. गुणाकार सव्वाचारशेच्या जवळ येतो आणि पाटी तर ३३५ चीच! कारण ते दोन आकडे कधीच एकत्र मिळत नाहीत. व्होल्टेज सगळ्यात जास्त तेव्हा करंट शून्य, करंट सगळ्यात जास्त तेव्हा व्होल्टेज शून्य. दोन्ही टोकांना पॉवर शून्य. सगळ्यात जास्त पॉवर मधे कुठेतरी, ३८ व्होल्टच्या आसपास मिळते आणि कंट्रोलर दिवसभर तीच जागा शोधत असतो. धूळ बसली की करंट पडतो, पाटी तापली की व्होल्टेज पडतं. दोन्ही आकडे वाचले तर फडकं मारायचं की वारा मोकळा करायचा, ते लगेच कळतं.

१२. निरोगी मोटरचे आकडे लिहून ठेवायला कुणाला सुचत नाही. मोटर बिघडल्यावर सगळे मोजतात, पण तुलना कशाशी करायची? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परंडा तालुक्यात स्वतःच्या गावात चांगली पद्धत पाडली आहे. नवी किंवा रिवाइंड केलेली मोटर सोडली की तो बंद असतानाचं व्होल्टेज, चालू असतानाचं व्होल्टेज आणि तिन्ही फेजचा करंट मार्कर पेनने स्टार्टरच्या झाकणावर आतून लिहितो. रब्बीच्या आधी पुन्हा मोजतो आणि खाली दुसरी ओळ लिहितो. करंट सगळीकडे चढला तर व्होल्टेज किंवा पंप तपासतो. एकाच फेजमध्ये फरक पडला तर सांधे आणि वाइंडिंग बघतो. हे वाचून तुमच्या मळ्यावर, सोसायटीच्या पंपावर किंवा पाणीपुरवठ्याच्या टाकीवर असं झाकण लिहून घ्या. जाणत्या वायरमनकडूनच मोजून घ्या, चालू स्टार्टरमध्ये स्वतः हात घालू नका, आणि आकड्यांशेजारी तारीख घालायला विसरू नका.